हिऱ्यातला काळा ठिपका

"आई, तुझ्या हिऱ्यात घाण कुठून आली गं?"

हा प्रश्न माझा नाही. मैत्रिणींनी पैज लावली होती, विचारून दाखव म्हणून. आणि मी हल्ली कुणाच्या बापाला घाबरत नाही. वक्तृत्वात दुसरी आल्यापासून तर आरशाशीसुद्धा माईकसमोर बोलावं तसं बोलते.

घोळ अर्थात माझाच. "आमच्याकडे अब्जावधी वर्षांचा हिरा आहे," अशी फुशारकी मी वर्गात मारली होती. आई दागिन्यांच्या कारखान्यात हिरे बसवते. तिथे स्वतःचा दागिना घालून कामाला बसायचं नाही, खडे मिसळतील म्हणून. त्यामुळे तिची अंगठी दिवसभर घरी डबीत असते. शाळा सुटल्यावर मी मैत्रिणींना घरी आणून थाटात डबी उघडली. जिला आम्ही वकिलीणबाई म्हणतो तिने अंगठी खिडकीशी धरली.

"आत काळं काय आहे? अब्जावधी वर्षांत कुणी धुतला नाही वाटतं!"

मैत्रिणी गेल्यावर मी हिरा धुतला. आधी साबण, मग टूथपेस्ट. ठिपका ढिम्म. जगातल्या सगळ्यात कठीण वस्तूला काय होतंय, म्हणून शेवटी सेफ्टी पिन घेतली. हिऱ्याला खरंच काही झालं नाही. त्याला धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या चार इवल्या दातांपैकी एक मात्र वाकला, आणि हिरा दुखऱ्या दाढेसारखा हलायला लागला.

तर संध्याकाळी अंगठी पाठीमागे लपवून मी तो प्रश्न खणखणीत आवाजात विचारला. आईने फक्त हात पुढे केला.

"आण इकडे."

बाबांचा चहा हातातच राहिला. आईने पिशवीतलं भिंग काढून डोळ्याला लावलं.

"हिरा शाबूत आहे. दात वाकलाय. कशाने?"

"पिनेने."

"वा! ज्वालामुखीतून वाचला, खाणीतून वाचला, आणि आमच्या कार्टीच्या तावडीत सापडला!" तिने भिंग माझ्या डोळ्याला लावलं. "नीट बघ. ती घाण नाही. जमिनीखाली शंभर-दीडशे किलोमीटरवर, प्रचंड दाबात आणि उष्णतेत हा तयार होत होता, तेव्हा शेजारचा एक कण आत अडकला. तो पिनेने निघेल होय गं?"

मोठा दिसल्यावर तो ठिपका डाग वाटेना. बंद खोलीत कुणीतरी बसलंय, असं वाटलं.

बाबा म्हणाले, "अंगठी घेताना दुकानदार निर्मळ हिरा दाखवत होता, पण हिने हाच धरला. मला आजवर वाटायचं, माझ्या खिशाची कीव आली."

"तीही आलीच," आई म्हणाली. "पण दिवसभर मी निर्मळच बसवते. चार शेजारी मांडले तर कुठला कुठला ते मलाही सांगता येत नाही. हा हजारात ओळखेन."

मी हनुवटीवरच्या पुटकुळीवरचा हात हळूच काढला. तिच्यावरही तीच टूथपेस्ट फासली होती.

"दोन मिनिटांत दात सरळ करते," म्हणत आईने पिशवीतून चिमटा काढला.

"थांब!" मी खुर्चीवर चढले. खाली उभं राहूनही ऐकू गेलं असतं, पण सवय. "आईबाबा, माझा निर्णय झालाय. उद्या मी वर्गात पिनेसकट सगळं सांगणार. सुट्टीत आईकडे हिरे बसवायला शिकणार, आणि हा दात मीच सरळ करणार. तोवर अंगठी डबीत राहील. आणि डबी बाबांकडे, माझा काही भरवसा नाही!"