शिट्टीचे पेढे

शंभू पेढे घेऊन आला त्या दिवशी मी खोटं बोललो, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायला बसलं की माणसाला सतरा सबबी सुचतात.

ईट गावाहून उमरग्याला यायचं म्हणजे एसट्या बदलत अर्धा दिवस घालवायचा. पोरगं घामाघूम झालं होतं, पण कुंथलगिरीच्या पेढ्यांचा पुडा छातीशी नीट धरलेला. दारातच वाकून त्यानं माझ्या पायाला हात लावला.

"उस्ताद, शिट्टी लागली!"

"कवा?"

"सोमवारी. मोबाइल बंद, पंखा बंद, तरी कानात ईंऽऽ चालूच. म्या आईला म्हणलं, झालं माझं काम!"

बाहेरच्या माणसाला यात पेढे वाटण्यासारखं काय, ते कळायचं नाही. म्हणून थोडं मागं जातो.

माझं नाव अजहर. हायवेच्या कडेला भावाचं टायरचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत माझा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या. इथं बसून पंधरा वर्षं मी वरातीत आणि मिरवणुकीत वाजणारा माल बनवतोय. हलगी आणि संबळ खऱ्या वाजवणाऱ्यांकडून भरून घ्यायचा, त्याखाली कॉम्प्युटरचा बेस घालायचा, मधेच सगळं क्षणभर थांबवायचं आणि एकदम सोडायचं. त्या सोडण्यावर सोलापूरपासून गुलबर्ग्यापर्यंतची पोरं नाचली आहेत. रेडिओवर माझं नाव येत नाही. पेपरात आलंच तर पोलिसांच्या बातमीत येतं. माल फिरतो तो पेनड्राइव्हवरून आणि मोबाइलवरून, आणि डीजेवाल्या पोरांत 'अजहर टोन' म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही.

टोन म्हणजे वरचा आवाज. आमच्या भाषेत टॉप. माझ्या गाण्यात हलगीची बारीक काडी अशी कडाडते की गल्लीच्या पार टोकाला उभा असलेला माणूसही दचकतो. "बेस काय, कुणीबी वाढवतंय. टॉप कडक ठेवायला अक्कल लागते," असं मी नाकानं कांदे सोलत सांगायचो. माझे शागीर्द सात. त्या सातांचे प्रत्येकी पाच-सहा. आज लातूर-बिदरकडचं एखादं नवखं पोरगं पहिलं गाणं करायला बसलं की माझं नाव न ऐकताही टॉप माझ्याच मापानं लावतं.

आता शिट्टीचं. आठ वर्षांपूर्वी तीन दिवसांच्या मिरवणुकीवरून घरी आलो. खोली शांत होती आणि माझ्या कानात ईंऽऽ वाजत होतं. मी मनातून टरकलो. पण समोर दोन शागीर्द बसलेले, आणि शागिर्दांसमोर उस्ताद टरकलेला कसा चालेल? म्हणालो, "कान तयार झाला की आतून सूर लागतो. ज्याला लागला तो पक्का." हे ज्ञान मी उभ्या-उभ्या रचलं. पोरांनी ते डोक्यावर घेतलं, आणि खरं सांगायचं तर हळूहळू मलाही ते पटलं.

मग रीतच पडली. ज्याला शिट्टी लागेल त्यानं पेढे आणायचे, आणि मी त्याचा टॅग भरून द्यायचा. टॅग म्हणजे गाण्याच्या मधे येणारी नावाची हाळी. शिट्टी लागल्याशिवाय माझ्या नावाची हाळी कुणालाही मिळत नाही. शंभू तीन वर्षं त्यासाठी थांबला होता. लवकर लागावी म्हणून रोज तासभर टॉपच्या स्पीकरच्या पेटीला डोकं टेकून बसायचा, हे त्यानंच मला अभिमानानं सांगितलं होतं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

आणि शंभू पेढे घेऊन यायच्या बारा दिवस आधी मी सोलापूरला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं जाऊन आलो होतो.

मला नेलं शबनमनं, म्हणजे माझ्या बायकोनं. घरात आम्ही दखनीत बोलतो, इथं मराठीत सांगतो. इन्व्हर्टरची बॅटरी उतरली की तो टींटीं करून सगळं घर डोक्यावर घेतो. त्या दिवशी मी बरोबर त्याच्याखाली बसून जेवत होतो आणि ती म्हणाली, "बंद करा की तो." मी विचारलं, "काय बंद करू?" तिचा घास हातातच राहिला.

डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावला. आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मला वाटलं, आवाजाची परीक्षा आणि तीही माझी! नंतर त्यांनी कागद दाखवला. रेघ अर्ध्यापर्यंत सरळ चालत होती आणि मग आडात पडल्यासारखी खाली गेली होती.

"वरचे आवाज गेलेत तुमचे. ते परत येत नाहीत. आहे तेवढं सांभाळा. कानात काही वाजतं का?"

"वाजतं. पण ते कान तयार झाल्यावर वाजतंच ना?"

"तयार म्हणजे?"

मी कागदाची घडी घालायला लागलो. त्याच म्हणाल्या, "मोठ्या आवाजानं कान आतून मरायला लागला की वाजतो असा. धोक्याची खूण असते ती."

घरी येऊन मी माझी गाणी सालवार लावली. शबनमला समोर बसवलं आणि स्क्रीनकडं बघत राहिलो. पहिल्या चार-पाच वर्षांच्या गाण्यांवर तिनं मान डोलावली. पुढं तिच्या कपाळाला आठी पडली. गेल्या वर्षीचं लावलं, सगळ्यात गाजलेलं, तेव्हा तिनं कानांवर हात ठेवले.

"टोचतंय हो. हे काय माणसांसाठी केलंय का?"

मला तर ते मऊ लागत होतं. स्क्रीनवर बघितलं तर दरसाल टॉप थोडा-थोडा वर गेलेला. मला ऐकू येईना म्हणून मी तो वाढवत गेलो होतो. ज्याला सगळे अजहर टोन म्हणतात तो माझा बहिरेपणा होता. तो मी सात जणांना शिकवला होता, आणि वर मिजास केली होती. त्या दिवशी मला स्वतःची इतकी किळस आली की जेवण गेलं नाही.

तरी मी गप्प बसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरांना बोलावून काय सांगणार, की तुमचा उस्ताद बहिरा आहे? हात दाखवून अवलक्षण कोण करून घेतो? अजून चार दिवस, अजून आठ दिवस, असं करत बारा दिवस काढले. आणि बाराव्या दिवशी शंभू दारात.

मी पेढा खाल्ला. "शाब्बास," म्हणालो. माइक लावला आणि भरदार आवाजात टॅग भरला, "शंभू, ईट! उस्ताद अजहरचा शागीर्द!" त्यानं तो तीन वेळा वाजवायला लावला. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. मग डोळे पुसून म्हणाला, "उस्ताद, टॉप जरा कमी वाटतोय न्हाय?" आणि त्यानं स्वतःच्या हातानं तो आणखी वाढवला. मला काहीच फरक कळला नाही. चहा घेऊन दारात आलेल्या शबनमचा चेहरा मात्र आवळला गेला.

तो गेल्यावर तिनं कप आपटले.

"गोड लागला का पेढा?"

"शबनम..."

"बावीस वर्षांचं पोर आहे. बहिरं व्हायला लागलंय आणि तुम्ही त्याला शाब्बासकी दिली. तिकडं त्याची आई गल्लीत पेढे वाटत असेल."

"सांगितलं तर माझं काय राहील?"

"आणि नाही सांगितलं तर त्याचं काय राहील?"

मी चिडलो, बरंच काही बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. पण तिचं एक वाक्य डोक्यातून जाईना. माझं गेलं ते गेलं, शंभूचं नुकतं जायला लागलं होतं. आज थांबला तर बरंच वाचलं असतं. मी सगळ्यांना रविवारी दुपारी बोलावलं.

सातही जण आले. तेरखेड्याचा रणधीर सगळ्यात जुना, शिट्टीची थाप मी पहिल्यांदा मारली तेव्हा समोर बसलेला. मी डॉक्टरीणबाईंचा कागद मधे ठेवला आणि सगळं सांगितलं. शिट्टी ही बहिरेपणाची सुरुवात आहे. टोन ही माझी चूक आहे. पेटीला डोकं लावून बसायचं बंद करा, टॉप निम्म्यावर आणा, कान तपासून घ्या.

रणधीर हसायला लागला. "उस्ताद, परीक्षा घेताय व्हय आमची?"

"परीक्षा न्हाय रं. खरं हाय."

"बहिऱ्या माणसाचं गाणं इतकी माणसं नाचवतंय? सांगायचं तर पटंल असं सांगा."

शंभू हसला नाही. तो कागदाकडं बघतही नव्हता. "माझा टॅग माघारी घ्यायचाय का, उस्ताद? तसं सरळ सांगा. म्या काय चुकलो?"

बोलून उपयोग नव्हता. ही माणसं शब्दांवर नाही, कानांवर विश्वास ठेवणारी. मी म्हणालो, "बरं. डोळं मिटा. एकेक सूर वाजवतो, वर वर चढवत नेतो. ऐकू येतंय तवर हात वर ठेवा, थांबला की खाली."

स्पीकर हळू आवाजात लावला. वरचे सूर मला ऐकू येणार नव्हते, म्हणून शबनमला दाराशी उभं केलं. आवाज येत असला की ती मान हलवणार, म्हणजे मला कळणार. सात हात वर गेले. मी सूर चढवत गेलो. थोड्या वेळानं माझ्यापुरती खोली शांत झाली. शबनम मान हलवत होती.

रणधीरचा हात सगळ्यात आधी खाली आला. त्यानं डोळे उघडून दाराकडं बघितलं. शबनमची मान हलतच होती. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. मग आणखी दोन हात उतरले, मग एक, मग दोन. शबनमची मान अजून हलत होती.

शंभूचा एकट्याचा हात वर होता.

मला केवढा आनंद झाला! वाटलं, पोरगं वाचलं. चार दिवसांची शिट्टी असेल, उतरेल. जे सगळ्यांनी गमावलं ते याच्याकडं शाबूत आहे. मी मनात अल्लाचे आभार मानले आणि स्पीकर बंद केला.

शबनमची मान थांबली. शंभूचा हात मात्र वरच राहिला.

मला वाटलं, माझ्याकडून बटण नीट दाबलं गेलं नसेल. मी तिच्याकडं बघितलं. तिनं नकारार्थी मान हलवली आणि पदर तोंडाला लावला. मी स्पीकरची वायरच भिंतीतून उपसली. सहा जण श्वास धरून शंभूकडं बघत होते. तो डोळे मिटून हसत होता, हात वर ताठ धरून.

"शंभू, ऐकू येतंय?"

"व्हय उस्ताद. एकदम साफ. ईंऽऽ चालूच हाय. पयला आलो का म्या?"

मी वायर त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं डोळे उघडले, वायरीकडं बघितलं, मग इतरांच्या खाली गेलेल्या हातांकडं.

"कवापस्नं बंद हाय?"

"दोन मिनटं झाली."

त्याचा हात तरी खाली येईना. शेवटी मीच तो धरला आणि खाली घेतला.