पहिल्या तुकड्याचा मान

मी लेसिथिन बोलतोय. नावाने दचकू नका; दिसायला मी मधासारखा चिकट, तपकिरी. सोयाबीनचं तेल शुद्ध करताना मला गाळ म्हणून बाजूला काढलं, तेव्हा फार वाईट वाटलं होतं. पण एक गुण माझ्या अंगात जन्मजात आहे. तेल-पाण्याचं हाडवैर, आणि मी दोघांनाही धरून ठेवतो.

मी या बेकरीत आलो तेव्हा घरात कुरबुर चालली होती. म्हातारे मालक रोज केकचा पहिला तुकडा स्वतः खात, मगच दुकान उघडत. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, केकमधलं ते घट्ट वनस्पती तूप बंद. तेल घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होतं आणि ते रक्तवाहिन्यांच्या मुळावर उठतं.

"जे मला चालत नाही, ते लोकांच्या पोटात कशाला घालू?" मालक म्हणाले. "दुकान बंद करून टाकू."

सून मात्र हट्टाला पेटली. तिने साधं तेल आणलं आणि सोबत मला.

"एक भूत गेलं, आता हे दुसरं केमिकल?" मालक कुरकुरले.

"चौकशी करूनच आणलंय, बाबा. तेल-पाणी एकजीव करणाऱ्या पदार्थांना इमल्सिफायर म्हणतात; त्यातले काही त्या घट्ट तुपापासूनच बनतात. ते नको म्हटलं. हा सोयाबीनचा."

पहिल्या दिवशी तिने मला थंड पाण्यात ओतलं. मी गोळा होऊन बसलो, केक चपटा झाला आणि वर तेल तरंगलं. मालकांनी बशी बाजूला सारली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तिने तेल कोमट केलं आणि त्यात मला घातलं. मग काय, मी जीव ओतला! केक टम्म फुगला. मालकांनी बोटाने दाबून पाहिला. तो दबला आणि परत वर आला. त्यांनी तुकडा तोंडात टाकला आणि कितीतरी वेळ चघळत राहिले.

"सूनबाई," डोळे पुसत ते म्हणाले, "शटर उघड."

मी जिंकलो होतो! गाळ म्हणून टाकलेला मी!

मी औषध नाही, आणि केक तो केकच, बेताने खा. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. माझं मात्र जरूर विचारा, डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. आता निघतो. तेल कोमट झालंय, आणि मालक बशी घेऊन भट्टीसमोर उभे आहेत.