कॅन्सर ओपीडीतलं फिरतं स्टूल

मित्रांनो, मी एक जुनं फिरतं स्टूल, आणि माझा स्वभाव गोड नाही. गिंडीच्या कारखान्यात मला घडवलं आणि चेन्नईच्या एका कॅन्सर रुग्णालयात डॉक्टरांच्या टेबलाशी ठेवलं. माझ्यावर पेशंट बसतो. शेजारी पाठ टेकायची खुर्ची, तिच्यात नातेवाईक. तिचं नाव काढलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. रोग माझ्यावर बसलेल्याला आणि बोलणार मात्र खुर्चीतला!

दोन हजार सहा साली आमच्या रुग्णालयात नवा नियम निघाला. जीव द्यावासा वाटतो का, हे प्रत्येक पेशंटला विचारायचं. वेळीच कळलं तर माणूस वाचतो. नियम उत्तम होता, पण आमचे डॉक्टर! गाठ कापताना हात हलत नसे; या प्रश्नाला मात्र दातखीळ. "विचारलं तर नसलेलं डोक्यात शिरेल," म्हणे! मग खुर्चीकडे बघून पुटपुटायचं, "मनानं बरे आहेत ना?" झाली तपासणी!

हंबीरराव हे तंजावरी मराठी गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले. जबड्याच्या कॅन्सरसाठी येत. त्यांचा मुलगा सुंदर शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये होता. तो खुर्चीत ऐसपैस बसून सांगे, "अप्पा रोंब स्ट्राँग, फार खंबीर, डॉक्टर. असलं अभद्र त्यांच्यापुढे नको."

पुढची तारीखसुद्धा हंबीरराव विचारेनासे झाले. कोणाच्या लक्षात येईल तर शपथ!

मग विद्युलताबाई समुपदेशक म्हणून आल्या, नागपूरच्या. त्यांनी सुंदरला बाहेर बसायला सांगितलं. तो उखडला, "मॅडम, त्यांचं सगळं मीच बघतो."

"बघता हो. पण आज मला त्यांच्याशी बोलायचंय." त्यांनी दार लावलं आणि मला धरून हंबीररावांना आपल्याकडे वळवलं. "अप्पा, जीव द्यावा असं मनात येतं का?"

हंबीररावांनी सवयीने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "मला विचारतीस, अम्मा?"

"तुम्हालाच."

"येतं. रोज येतं. पोरगा स्ट्राँग म्हणतो, मग सांगू कसं?"



बाईंनी त्यांना एकटं सोडलं नाही. मानसोपचारतज्ज्ञांना तिथेच बोलावलं, दुखण्याचं औषध वाढवून घेतलं आणि सुंदरला आत घेऊन सगळं अप्पांच्याच तोंडून ऐकवलं. सुंदर हमसून हमसून रडला. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे त्यालाच विचारलं, "झोप लागते ना?"

"त्यांना विचारा," सुंदर म्हणाला. आणि हंबीरराव झोपेबद्दल, बेचव पेजेबद्दल असे तावातावाने बोलले की डॉक्टरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. बघू देत!

आता मी गंजून मागच्या व्हरांड्यात पडून आहे. माझ्यावर फिनेलची बादली असते. निदान ती दुसऱ्याच्या वतीने उत्तरं देत नाही.

मित्रांनो, मला तेल नाही घातलंत तरी चालेल. पण आजारी माणसाला सरळ, त्याच्यासमोर बसून विचारा. विचारल्याने कोणी मरत नाही. आणि तो "हो" म्हणाला, तर मदत येईपर्यंत त्याच्याजवळून उठू नका.