दारातली भिंत

मालनच्या दाराला उंबरा नव्हता, भिंत होती. चांगली मांडीइतकी उंच. तिच्या नवऱ्याने, दशरथने, स्वतःच्या हाताने विटा रचून, वर सढळ हाताने सिमेंट थापून ती उभी केली होती. घाटकोपरच्या त्या गल्लीतून जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून तिच्यावर बुक्की मारून दाखवायची त्याला खोडच लागली होती.

कारणही तसंच होतं. मागच्या पावसाळ्यात डोंगराकडून गल्लीत लोंढा आला, तेव्हा दशरथ वॉचमनच्या ड्युटीवर अडकला होता आणि मालन घरभर पाण्यात, कॉटवर एकटी बसून होती. ते त्याने फार मनाला लावून घेतलं. बायकोच्या दुखऱ्या गुडघ्यांचं मात्र या शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही. आत स्टूल, बाहेर क्रेट आणि धरायला समोरच्या कल्पिताचा हात, एवढा थाट जमेल तेव्हा मालन घराबाहेर पडणार. हळूहळू तिने बाहेर पडणंच सोडलं. संध्याकाळी गल्लीतल्या बायका भाजी निवडायला बसत, त्यांना भिंतीवरून आत बसलेल्या मालनचं डोकं तेवढं दिसे. पण माणसाने एवढ्या मायेने बांधलेल्या भिंतीला नावं ठेवायची कशी?

त्या दुपारी ढग फुटल्यासारखा पाऊस कोसळला. बघता बघता गल्ली वाहायला लागली, पाणी भिंतीवर आपटून मागे वळायला लागलं. आत फरशी कोरडीठाक. दशरथने मेन स्विच बंद केला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"बघ गो! एक थेंब तरी आत इलो काय?"

समोर कल्पिता पातेल्याने घरातलं पाणी उपसत होती. "काका, तुमचं बरंय! आमची वाट लागली बघा!"

दशरथची छाती फुगली. तेवढ्यात मागच्या मोरीत गुडगुडलं.

घराच्या पाठीला नाला होता. तो तुंबला आणि त्याचं काळं पाणी मोरीच्या भोकातून वर उसळलं. दशरथने भोकात गोणपाट कोंबलं, वर पाटा ठेवला. पाण्याने पाटा ढकलून दिला. घोटा बुडाला, पोटरी बुडाली. सिलिंडर आडवा होऊन तरंगायला लागला. दशरथ बादलीने भिंतीवरून पाणी बाहेर फेकत होता आणि मागून दुप्पट येत होतं. कॉटवर पाय घेऊन बसलेली मालन एकदा आत बघत होती, एकदा बाहेर.

"अवो, भायर पाणी कमी आसा. आतलाच वाढता. भिंत फोडा."

"खुळी झालंस काय? भायरचा लोंढा आत येतलो!"

"बघा तरी!"

त्याला बघायचंच नव्हतं. गल्ली उताराची, तिथलं पाणी खाली रस्त्याकडे पळत होतं. घराचा मात्र हौद झाला होता, आणि हौदाची भिंत होती दशरथची.

मग मालनला मोरीच्या वरची चीर दिसली. आधी केसाएवढी होती. तिच्यातून पाणी पाझरायला लागलं, मग पिचकारी सुटली. नाल्याकडची भिंत एकविटेची, जुनी. ती आत फुगत होती.

आता दशरथनेही पाहिलं. "चल, उचलतंय तुका," म्हणत त्याने तिला कवेत घेतलं. स्टूल केव्हाच वाहून कोपऱ्यात गेलं होतं. भिंतीपाशी त्याचा पाय गाळात घसरला आणि दोघं आडवी झाली. मालनच्या नाकातोंडात ते घाण पाणी गेलं. तिने चाचपडत भिंतीची कड धरली, ठसकत उभी राहिली, एक पाय उचलून बघितला. गुडघा वाकेना. ही भिंत तिला ओलांडता येणार नव्हती. तिला भयंकर भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला.

"गेल्या पावसात घरात पाणी होता, पण दार होता!" ती ओरडली. "औंदा दारच नाय!"

दशरथने फळीवरचा हातोडा काढला.

पहिल्या घावाला टवका उडाला, बस्स. दुसऱ्यालाही तेवढंच. एवढं सिमेंट घालायची काय गरज होती, हे आता त्यालाच विचारायला हवं होतं! मागे मोरीवरची एक वीट सुटून पाण्यात पडली.

"कल्पिता!" मालनने जीव खाऊन हाक मारली. "पहार घेवन ये गो!"

कल्पिता पहार घेऊन धावली आणि बाहेरून खालच्या थराला भिडली. आतून हातोडा, बाहेरून पहार. एक वीट हलली, निखळली, आणि भोकातून पाण्याची धार सुटली. तिने शेजारची वीट ओढली, मग पुढची. मधला भाग धाडकन बसला आणि आतलं सगळं पाणी गल्लीत धावलं.

दशरथने उडी मारून बाहेर जाऊन हात पुढे केला. मालन चौकट धरून, विटांच्या तुकड्यांवरून एकेक पाऊल टाकत बाहेर आली. त्याचा हात तिने धरला नाही. तिला त्याची गरजच पडली नाही.

ती कल्पिताच्या पायरीवर टेकते न टेकते तोच मागची भिंत कोसळली. कॉट मातीखाली गेली. नाला घरात शिरला आणि फुटक्या दारातून सरळ बाहेर पडला.

दशरथ तिच्या शेजारी बसला. हातोडा अजून हातातच होता.

"दार नाय म्हणून आधी सांगूचा तरी मगे," तो म्हणाला.

"तुमी एवढ्या मायेन बांधल्यात. कसा सांगू?"

त्याला रडू फुटलं. मालनने त्याच्या हातातून हातोडा काढून घेतला आणि पायरीवर बाजूला ठेवला.