मोकळ्या दलदलीची लांब नळी

मित्रांनो, मी एक जुनी शिकारी रायफल आहे. पूर्वी होते त्यापेक्षा पंधरा सेंटीमीटरने आखूड. ही पंधरा सेंटीमीटर कशी गेली ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तशी चैन मला कधीच पडत नाही म्हणा. वर्षातले दहा महिने मी काइनू नावाच्या उत्तरेकडच्या थंड, रानाळ मुलखातल्या एका घरात लोखंडी कपाटात कुलूपबंद उभी असते, आणि उभ्याउभ्या माझा जीव नुसता वरखाली होत असतो. गोळी आत सारून खिट्टीसारखा बसणारा माझा बोल्टसुद्धा काढून दुसरीकडे ठेवलेला. सांगा, कशी शांत राहणार मी?

पोलादाच्या सळईला आरपार भोक पाडून, आत पिळदार खाचा कोरून कारखान्यात माझी नळी घडवली. सहासष्ट सेंटीमीटरची. माझा पहिला मालक नेस्तोरी केम्पाइनेन याने दुकानात मुद्दाम तेवढी लांब मागितली होती. गावाच्या उत्तरेला उघडीबोडकी दलदल होती. पलीकडच्या काठाला एल्क आला तरी अलीकडून दिसायचा. एल्क म्हणजे घोड्याहून उंच हरिण, न दिसायला काय झाले? लांब नळीत दारूला जळायला वाव मिळतो, गोळी जास्त वेगाने सुटते आणि दूरपर्यंत सरळ जाते. नेस्तोरीची निवड अगदी चोख होती. शेजारी मला हातात घेऊन तोलून बघायचे, माना डोलवायचे, आणि मी आतून फुगायचे.

पुढे गावाने त्या दलदलीत चर खणले, पाणी काढून दिले आणि पाइनची रोपे लावली. लाकडाला भाव असलेले ते दिवस होते. रोपे वाढत गेली, नेस्तोरी म्हातारा होत गेला. तो गेल्यावर मी त्याच्या मुलीकडे, हिल्माकडे आले. हिल्मा शाळेची बस चालवते. हात स्थिर, बोलणे मोजके. आमच्या शिकारी मंडळात बापाचे मचाणही मुलीलाच मिळाले. त्या मचाणाचे नाव तेव्हाही ‘मोकळी दलदल’ होते आणि आताही तेच आहे.

मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरात कुत्र्याने रानातून एक एल्क उठवला आणि तो थेट हिल्माच्या अंगावर आला. तीस पावलांवर, झाडांच्या दाटीतून. हिल्मा वळली, तिच्याबरोबर मी वळले, आणि माझे तोंड स्प्रूसच्या झाडाच्या फांदीवर आपटले. तिचे बोट चापावर दाबले गेले होते. गोळी खांद्यामागे लागायची ती पोटात लागली. एल्क पळाला. मंडळाचा प्रमुख तौनो, म्हणजे हिल्माचा चुलतभाऊ, कुत्र्याला घेऊन त्याच्या मागावर गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना तो सापडला, तेव्हा तो पोटात गोळी घेऊन अजून जिवंत होता.

वीस तास. हिल्मा हा आकडा विसरली नाही. मंडळाच्या झोपडीत सगळ्यांसमोर तिने सांगून टाकले, की पुन्हा एकदा असे झाले तर मी रायफल विकीन आणि रानात पाऊल टाकणार नाही. तेव्हापासून तिची झोप गेली. मला साफ करताना ती मध्येच थांबायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मला वाटायचे, ओरड तरी एकदा माझ्यावर. ती ओरडली नाही.

नळी कापून घ्यायचा विचार तिने बोलून दाखवला, तेव्हा विस्तवावर सॉसेज भाजत बसलेल्या प्रत्येकाला मत फुटले. तौनोचा आवाज सगळ्यांत मोठा.

“मोकळ्या दलदलीवर आखूड नळी? म्हणजे तळ्यात कॉफीच्या गाळणीनं मासे धरायचे,” तो म्हणाला. “नळीचा काय दोष, बाई? नाचता येईना, अंगण वाकडं.”

सगळे हसले. हिल्माने कप खाली ठेवला आणि ती बसकडे निघून गेली. मला खरे तर तौनोचेच पटत होते. माझी नळी कापायची? ती माझी शान होती. पण हिल्माची पाठ बघून मला हसू आले नाही.

ऑगस्टमध्ये तिने मला शेजारच्या गावी ओस्कारीकडे नेले. ओस्कारी बंदुका दुरुस्त करतो. पोट एवढे मोठे की टेबलापासून हातभर लांब उभा राहतो.

“कापून दे,” हिल्मा म्हणाली.

“किती?”

“तूच सांग.”

“मी कसं सांगू? तिथं तू बसतेस. चप्पल शिवायची तर पाय बघायला नको?”

मग त्याने तिला बराच वेळ समजावले. समजा पंधरा सेंटीमीटर कापली, तर गोळीचा वेग सेकंदाला चाळीस-पन्नास मीटरने उतरेल. दोन-तीनशे पावलांवर मारणार असशील तर त्याचा विचार कर, पन्नास पावलांवर एल्कला तो फरक कळणारही नाही. नळी आखूड झाली म्हणून नेम बिघडत नाही. मात्र आवाज वाढतो, म्हणून सायलेन्सर लावावा लागेल. आणि खरी मेख तिथेच आहे. लोक हौसेने वीतभर नळी कापतात, वर वीतभर सायलेन्सर बसवतात, आणि पुन्हा फांदीत अडकतात.

रविवारी ओस्कारी स्वतः मचाणावर आला. सोबत एका बंदुकीचा जुना लाकडी दस्ता, त्यात खोचलेला झाडूचा दांडा, आणि करवत. दांडा चुकला तर दुसरा मिळतो, नळी मिळत नाही, असे त्याचे म्हणणे. डास फोडून काढत होते, तरी त्याने हिल्माला ऑक्टोबरचा जाड कोट घालायला लावला, कारण कोटाच्या जाडीने बंदूक पुढे सरकते. मी तिच्या पाठीवर होते. माझ्याऐवजी त्या झाडूला मान मिळत होता, याचा मला संताप आला होता.

ओस्कारीने चारी बाजूंना पाहिले. “दलदल कुठंय?”

“हीच.”

“हिला मोकळी कोण म्हणतं?”

“सगळेच,” हिल्मा म्हणाली, आणि बोलता बोलता तिने स्वतःच वर पाहिले. स्प्रूस, बर्च, बापाच्या काळात लावलेले पाइन, आभाळसुद्धा तुकड्यातुकड्यांनी दिसत होते.

ओस्कारी हसता हसता फळीवर बसला. “चाळीस वर्षं तुम्ही नावावर नेम धरताय, जागेवर नाही.”

दांडा घेऊन हिल्मा वळली. डावीकडे अडकला. ओस्कारीने कापला. ती पुन्हा वळली, पुन्हा अडकला. तिसऱ्यांदा दांडा सलग फिरला. त्यातून सायलेन्सरची लांबी वजा केली तेव्हा नळीसाठी एक्कावन्न सेंटीमीटर उरले.

मित्रांनो, करवत लागली तेव्हा मी थरथरले, हे कबूल करते. ओस्कारीने नंतर माझ्या नव्या तोंडाची कड तासून, घासून गुळगुळीत केली. ती केसभर जरी तिरकी राहिली तरी गोळी भरकटते. हिल्माने नेमबाजीच्या मैदानावर नेऊन माझी दुर्बीण नव्याने जुळवली. माझा नेम तसाच होता. तरीही मी दीड महिना धुमसत राहिले.

ऑक्टोबरात कुत्रा पुन्हा भुंकला. एल्क पस्तीस पावलांवरून आडवा निघाला. हिल्मा वळली, मी वळले, पाने घासून गेली पण अडवले कोणी नाही. एकच गोळी. तो दहा पावले चालला आणि पडला. हिल्मा जवळ गेली, डहाळीने त्याच्या डोळ्याला स्पर्श करून पाहिला. डोळा हलला नाही. तिने मला रिकामे केले, शेवाळावर आडवे ठेवले, आणि ती रडली.

तौनो आला. त्याने टोपी काढून पुन्हा घातली.

“दर ऑगस्टला आपण मचाणांपुढच्या फांद्या छाटतो. यादी माझ्याकडे असते,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“ही जागा त्या यादीत कधीच नव्हती. मोकळीला काय छाटायचं, म्हणून. मागच्या वर्षी माग काढताना मी ती फांदी पाहिली. टोक मोडलेलं होतं. तेव्हाच मला कळलं, यादी चुकली.”

हिल्मा त्याच्याकडे वळली. “तेव्हाच बोलला असतास, तौनो, तर मी वर्षभर झोपले असते.”

तिने शेवाळावरून मला उचलून पाठीला लावले. मग म्हणाली, “फांदी मलाही दिसत होती. मीही मोकळीच समजत होते. चल, सुरी काढ. मांस खराब व्हायला नको.”

मित्रांनो, माझी नळी गेली याचे मला अजून वाईट वाटते. खोटे कशाला बोलू? पण त्या दिवशी माझी धुसफूस थांबली. आम्हाला तेल लावा, गंज चढू देऊ नका, तेवढे तर कराच. त्याबरोबर जिथे आम्हाला न्यायचे ती जागा दरवर्षी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून या. ती बापाच्या वेळी कशी होती, तिला लोक काय म्हणतात, यावर जाऊ नका. कारण चूक रायफलची असो, माणसाची असो की यादीची, ते वीस तास आमच्यापैकी कोणालाच काढावे लागत नाहीत.