बेचाळीस खिडक्यांचे पडदे

थंडीच्या सुटीत कुठे जाता, असं शाळेत कुणी विचारलं की मी मान ताठ करून सांगायचे, "डोंगरातल्या तळ्याकाठच्या हॉटेलात. तीन आठवडे." वर्गातल्या मुली गार पडायच्या. त्या तीन आठवड्यांत हॉटेल बंद असतं आणि माझे आईबाबा तिथे पडदे शिवायला जातात, एवढा भाग मी गाळायचे. कुणी खोदून विचारलं असतं तर सांगितलंही असतं. कुणी विचारलं नाही, त्याला मी काय करू?

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दोन शिलाई मशिनी होत्या, एक बाबांची, एक आईची. वर्षभर तिथे गल्लीतल्या लोकांचे पडदे आणि गाद्यांची कव्हरं शिवली जायची. कडाक्याची थंडी पडली की त्या हॉटेलचं पत्र यायचं. मग मशिनी गोधड्यांत गुंडाळून बसच्या टपावर चढायच्या आणि मागोमाग आम्ही चौघं. हॉटेलात बेचाळीस खोल्या होत्या आणि सगळ्यांच्या खिडक्या पूर्वेला, तळ्याच्या बाजूला. ऊन वरून यायचं ते यायचंच, शिवाय पाण्यावरून उलटून छतावर नाचायचं. सुटीवर आलेल्या माणसाच्या डोळ्यांवर सकाळी सकाळी ऊन आलं की तो लुंगी सावरत थेट मॅनेजरशी भांडायला जायचा. म्हणून जाड कापड, आत काळं अस्तर आणि उजेडाला शिरायला कुठेही फट नको, असं मॅनेजरचं मागणं होतं. दरवर्षी सहा खोल्यांचे नवे पडदे आणि बाकीच्यांची डागडुजी एवढं काम असायचं.

जेवणाच्या मोठ्या हॉलमध्ये एकच शेगडी पेटलेली असायची. तिच्या दोन बाजूंना दोन मशिनी मांडायच्या. जेवणाची टेबलं एकाला एक जोडून त्यांवर कापड पसरायचं. बाबा खडूनं आखायचे, आई कापायची. बाकी सगळं हॉटेल बर्फासारखं थंड. मी आणि धाकटी बहीण तिन्ही मजल्यांवरून कानटोप्या घालून हुंदडायचो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते आम्हीच. लोक ज्या पलंगांवर झोपायला लांबून लांबून यायचे, तिथे आम्ही फुकटात उड्या मारायचो.

आणि झोपायचो रोज वेगळ्या खोलीत. ती बाबांची पद्धत होती. "पडदा शिडीवरून तपासायचा नसतो," ते म्हणायचे, "गादीवर पडून तपासायचा. गिऱ्हाईक काय शिडीवर झोपतं?" ज्या दोन खोल्यांचे पडदे पुरे व्हायचे, त्यातल्या एकीत ते दोघं झोपायचे, दुसरीत आम्ही दोघी. सकाळी जाग आली की उशीवरून डोकं उचलायचं नाही. आधी बघायचं, उजेड कुठून येतोय. दांड्याच्या वरून, दोन पडद्यांच्या मधून, की भिंतीकडून. मग खाली चहाला आलं की बाबा पहिला प्रश्न विचारायचे, "फट?" धाकटी साक्षीदार म्हणून निकामी होती, कारण ती नऊपर्यंत तोंड उघडं टाकून झोपायची. त्यामुळे आमच्या खोलीचा निकाल माझ्या हाती असायचा. मी "आहे" म्हटलं की पडदा खाली. त्यावर वाद नाही. मोठ्यांचा डोळा सवयीनं चुकतो, लहान मुलाचा चुकत नाही, असं बाबांचं ठाम मत होतं. घरात माझ्या कुठल्याच बोलण्याला काडीची किंमत नव्हती, पण तिथे माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आईचं एकच मागणं असायचं. हॉलच्या खिडकीतून तिला थंडीतही चालणारी एकुलती एक बोट दिसायची. नावाडी पैलतीरावरच्या लोकांना ने-आण करायचा. आईला त्या बोटीत बसून तळ्याच्या मध्यापर्यंत जायचं होतं आणि तिथून वळून हॉटेलकडे बघायचं होतं. "आतून शिवून शिवून डोळे फुटायची वेळ आली," ती म्हणायची, "आपले पडदे बाहेरून दिसतात कसे, ते एकदा बघू दे मला." बाबा म्हणायचे, "शेवटच्या दिवशी जाऊ." मग शेवटच्या दिवशी एखादी झालर उरलेली असायची, नाहीतर धुकं असायचं, नाहीतर मॅनेजरला अचानक सोफ्याची कव्हरं आठवायची. सहा वर्षं हे असंच चाललं.

सातव्या वर्षी मी अकरा वर्षांची होते. त्या वर्षी बेचाळीसच्या बेचाळीस खिडक्यांना आमचे पडदे लागणार होते. आईनं पहिल्याच दिवशी बजावलं, "यंदा शेवटचा दिवस माझा." आणि ती कामाला अशी भिडली की बाबांना तिच्या मशीनची गती गाठता येईना. शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी सगळं काम संपलं. बेचाळीस नंबरचे पडदे चढले आणि तिथे आम्ही दोघी झोपलो. नावाड्याला अकराची वेळ सांगून झाली होती. आईनं सगळे पडदे ओढून ठेवायला मॅनेजरची परवानगीसुद्धा काढली होती.

सकाळी मला जाग आली तेव्हा खोलीत मिट्ट काळोख होता. इतका चांगला पडदा बाबांनी कधी शिवला नव्हता. मी तशीच पडून राहिले आणि मला रडू यायला लागलं. उद्या बस, परवा शाळा, तीच गल्ली, तीच पुढची खोली. मला जायचं नव्हतं. मनात आलं, काम निघालं तर एक दिवस वाढेल.

खाली बाबांनी सवयीनं विचारलं, "फट?"

"आहे," मी म्हटलं. "वरून. दांड्यापाशी, उजव्या हाताला."

बाबा चहा टाकून वर आले. माझ्या गादीवर आडवे झाले, पडदा ओढायला लावला, बराच वेळ बघत राहिले. "मला तर दिसत नाही," ते म्हणाले.

"मला दिसली."

"नक्की?"

"नक्की."

बसची तिकिटं आधीच काढलेली होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दिवस वाढायचा प्रश्नच नव्हता. जो दिवस हातात होता तोच कामी आला. पडदे खाली उतरले, अस्तर उसवलं, वरच्या चुण्या पुन्हा घातल्या. आई बाहेर जायचे कपडे घालून हॉलमध्ये आली, टेबलावर पसरलेलं कापड तिनं पाहिलं आणि स्वतःच्या मशीनवरची गोधडी काढली. अकरा वाजता नावाड्यानं खालून दोन हाका मारल्या. बाबा खिडकीत जाऊन त्याला हातानंच नाही म्हणाले. पडदे पुन्हा चढले तेव्हा दिवस मावळला होता. दुसऱ्या दिवशी सातला आमची बस सुटली.

त्यानंतर आम्ही तिथे कधीच गेलो नाही. हॉटेलवाल्यांनी आता तयार पडदे घेतले, असं बाबांनी आम्हाला सांगितलं आणि मी वर्षभर त्या न पाहिलेल्या तयार पडद्यांना शिव्या घातल्या.

घरात मात्र तो दिवस म्हणीसारखा राहिला. कुणी काही कबूल करून टाळलं की आई म्हणायची, "हो हो, शेवटच्या दिवशी." नातेवाइकांपुढे, जावयांपुढे, नातवंडांपुढे आई ती गोष्ट सांगायची. ह्या माणसानं बायकोला आयुष्यात एक दिवस दिला नाही, तोही पडद्यापायी. सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि चोराच्या मनात चांदणं असल्यामुळे जरा जास्तच मोठ्यानं. बाबा मान खाली घालून सुपारी कातरत बसायचे. ते चार वर्षांपूर्वी गेले. ते होते तोवर मी तोंड उघडलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, करता करता पंचेचाळीस वर्षं गेली. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे विशेष.

यंदा मी ठरवलं, आईला तिचा दिवस द्यायचा आणि तिथेच तिला खरं काय ते सांगायचं. आई एकोणऐंशीची आहे. गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत. हॉटेल आता थंडीतही उघडं असतं आणि भरलेलं असतं. खोलीत शिरल्या शिरल्या आईनं पडद्याची कड बोटांत धरून उलटून बघितली. "कारखान्यातलं काम. दोरा फार ओढलाय," ती म्हणाली आणि हात झटकले. पण संध्याकाळी हॉलमध्ये शेगडीच्या जागेसमोर खुर्ची ओढून ती तासभर बसून होती. माझी मशीन इथे, ह्यांची तिथे, असं एका अनोळखी बाईला दाखवत होती. मला फार बरं वाटत होतं. इतकं बरं वाटत होतं की सांगायचं राहूनच जावं असं वाटायला लागलं.

सकाळी हॉलमध्ये चहाच्या वेळी तिनं स्वतःच विषय काढला. "शेवटी लेकीनं आणलं. तुझ्या बाबांना काही जमलं नाही." आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता.

"आई, बेचाळीस नंबरला फट नव्हती."

"कधी?"

"त्या दिवशी. मी खोटं बोलले. मला घरी जायचं नव्हतं. वाटलं, काम निघालं तर आपण राहू एक दिवस."

ती हसेल, अशी माझी खात्री होती. एवढंसं पोर तू, काय अक्कल होती तुला, असं म्हणून माझ्या पाठीवर थाप मारेल. हे सगळं मी बसमध्ये मनातल्या मनात बसवूनही ठेवलं होतं. तिनं कप खाली ठेवला.

"तू खाली गेलीस," ती म्हणाली, "तरी हे त्या गादीवरच होते. मी दारात उभी होते. इकडे मान करून बघितलं, तिकडे करून बघितलं. मला म्हणाले, अगं, मला काहीच दिसत नाही. पोरीला दिसतंय."

मीही माझा कप खाली ठेवला.

"बसमध्ये तुम्ही दोघी झोपलात तेव्हा म्हणाले, माझे डोळे गेले. मी रागात होते. मी म्हटलं, जाऊ देत. माझा दिवस गेला त्याचं काय." आई टेबलावरचे कण बोटानं गोळा करत होती. "पुढच्या थंडीत पत्र आलं हॉटेलचं."

"पत्र आलं होतं? तयार पडदे घेतले म्हणालात ना तुम्ही?"

"ते ह्यांनी सांगितलं तुम्हाला. पोरींना कळायला नको म्हणाले. पत्र दोनदा आलं. ह्यांनी कळवून टाकलं, जमणार नाही. ज्याला फट दिसत नाही त्यानं पडदे शिवायचे कसले, म्हणाले. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, नजर उत्तम आहे. ह्यांनी डॉक्टर बदलला."

सवयीनं मला हसू आलं, पण पुरतं हसलेही नाही. ते दिवस मला आठवायला लागले. बाबा शिवलेला प्रत्येक नग आईपुढे धरायचे, "तू बघ गं एकदा." मोठे पडदे त्यांनी पुन्हा घेतलेच नाहीत. शेवटची वीस-पंचवीस वर्षं नुसते उशांचे अभ्रे शिवले. आळस चढलाय, असं मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं. एक दिवस वाढवायला गेले आणि पुढच्या सगळ्या थंड्या मीच संपवल्या, आणि बाबांचं काम संपवलं ते वेगळंच. मला तिथेच, लोकांच्या गर्दीत, मोठ्यानं रडावंसं वाटलं.

आईनं गोळा केलेले कण बशीत झटकले. मग म्हणाली, "म्हणजे त्यांचे डोळे चांगले होते."

"हो."

"चांगले होते डोळे," ती पुन्हा म्हणाली. हे ती मला सांगत नव्हती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हे मला काय सांगतेस? त्यांना सांगायचं होतंस."

अकराला आम्ही धक्क्यावर गेलो. बोटवाल्यानं हात पुढे केला. "दोघी ना?"

"एकटी," आई म्हणाली.

"आई, मी येते बरोबर. तोल गेला तर?"

"हा धरेल मला. तू थांब इथेच."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडून बोटीत बसले असते, भांडायला मला चांगलं जमतं. बोटवाल्यानं तिला दोन्ही हातांनी धरून उतरवलं. ती हॉटेलकडे तोंड करून बसली, शाल नीट केली आणि "चल बाबा" म्हणाली. बोट लांब लांब जात राहिली. तळ्याच्या मध्यावर पोचल्यावर ती थांबली. आई ताठ बसून समोर बघत होती, बराच वेळ. तिच्या समोर बेचाळीस खिडक्या होत्या आणि त्यांच्या खाली धक्क्यावर मी उभी होते. मी हात वर केला. तिला तो दिसला की नाही, कुणास ठाऊक. तिनं काही हात केला नाही.