टॉवेलचं दुसरं टोक

रोहिणीच्या घरात सून आणि सासरा एकमेकांशी बोलत नसत. भांडण मुळीच नव्हतं. भांडण असतं तर निदान दोन शब्द तरी झाले असते. शिरपूरकडून येताना भांड्याकुंड्यांबरोबर आलेली रीत होती ती. सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, नजर खाली ठेवायची आणि काही सांगायचंच असेल तर तिसऱ्याच्या तोंडून सांगायचं. सिल्वासाजवळच्या सामरवरणीतल्या त्या दोन खोल्यांत हा तिसरा माणूस म्हणजे पाच वर्षांची गुड्डी.

"गुड्डे, आबांना सांग, जेवायला वाढलंय."

हाताच्या अंतरावर बसलेल्या वाल्मिकआबांना ते स्वच्छ ऐकू यायचं. तरी गुड्डी उठून त्यांच्या कानाशी ओरडायची. मग आबा म्हणायचे, "तुनी मायले सांग, हात धुई येस." हा निरोपही वाजतगाजत परत यायचा. गुड्डी शाळेत असली की निरोप भिंतीला सांगितले जात. रोहिणी भिंतीला म्हणे, "चहा ठेवलाय," आणि आबा भिंतीकडे बघून हुंकार देत. सासू सरुबाई होती तेव्हा सगळी बोलणी तिच्यामार्फत चालायची. ती गेली आणि घर मुकं झालं.

अशा घरातली रोहिणी दर रविवारी संध्याकाळी नदीकाठच्या बागेत परक्या पुरुषांच्या हातात हात देऊन साल्सा नाचत होती. आबांना कळलं तर काय होईल, या विचारानं दर वेळी ती आता पुरे असं ठरवायची. पण पुढच्या रविवारी पाय पुन्हा तिकडेच वळायचे.

हे खूळ आणलं होतं गुड्डीच्या शाळेतल्या प्राजक्ता मॅडमनी. मॅडम चिपळूणच्या. मुंबईत शिकताना हा नाच शिकल्या आणि नोकरीसाठी सिल्वासात आल्यावर नाचायला कुणी मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच माणसं जमवली. एक स्पीकर, बागेतला फरसबंदीचा चौक आणि येईल तो. कारखान्यातली पोरं आली, कचेरीतले दोन कारकून आले, एक गुजराती जोडपं आलं. पालकसभेनंतर मॅडमनी आयांनाही विचारलं. बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. रोहिणी एकटीच हसली नाही.

नव्यांसाठी मॅडमचे नियम ठरलेले होते आणि त्या ते दर रविवारी न कंटाळता सांगत. "कामावरून थेट येऊ नका, आंघोळ करून शर्ट बदलून या. आधी विचारायचं, नाचणार का? समोरचा नाही म्हणाला तर हसून बाजूला व्हायचं, तोंड पाडायचं नाही, का म्हणून विचारायचं नाही. हात हलका धरायचा. जोडीदाराला नेणाऱ्यानं ओढायचं नसतं, नुसतं सुचवायचं. नाचता नाचता समोरच्याला शिकवत बसू नका, ते माझं काम आहे. मधेच कुणाला उभं टाकून जाऊ नका. आणि गाणं संपलं की थँक्यू."

पहिल्या दिवशी एका कारखान्यातल्या पोरानं रोहिणीला अगदी शाळकरी अदबीनं विचारलं, "ताई, नाचणार का?" आणि तो उत्तरासाठी थांबला. रोहिणीला हो म्हणायला वेळ लागला. आपल्याला काही विचारून कुणी उत्तराची वाट पाहिल्याचं तिला आठवेना. लग्न ठरताना नाही, सिल्वासाला येताना नाही. त्या संध्याकाळी तिची पावलं चुकली, मान एकदाही वर झाली नाही, पण घरी परतताना तिला इतका आनंद झाला होता की रिक्षात ती उगाचच हसत होती.

नवऱ्याला, संजूला, तिनं सांगितलं होतं. संजू गलोंड्याच्या प्लॅस्टिक कारखान्यात, रविवारीही ड्युटीवर. "जायचं तर जा," तो म्हणाला होता. "पण आबांना कळलं तर मला काही माहीत नव्हतं, असं मी सांगणार." नवरा असा खंबीर असल्यावर बाईला काळजी कसली? तेव्हा घरी सांगायला बचत गटाची मीटिंग होती. आबा गुड्डीला सांभाळत टीव्ही बघत बसत. एकदा मात्र ते गुड्डीला म्हणाले होते, "तुनी मायना गट भलत्या मीटिंगा लेस."

पण एका रविवारी सामरवरणीची लाइट गेली. टीव्ही बंद, पंखा बंद, गुड्डीची कटकट चालू. आबांनी तिला कुल्फी घेऊन देतो म्हणून बागेत आणलं.

"आई!"

रोहिणीनं वळून पाहिलं. बघ्यांच्या गर्दीत कुल्फी चाटणारी गुड्डी आणि तिच्यामागे खांद्यावर टॉवेल टाकलेले आबा. तिनं धरलेला हात सोडला आणि पदर डोक्यावर ओढला, जणू आता त्यानं काही झाकलं जाणार होतं. आबांचा चेहरा दगडासारखा झाला होता. ते वळणार, तेवढ्यात प्राजक्ता मॅडम त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"गुड्डीचे आजोबा ना? नाचणार का आमच्याबरोबर? नाही म्हणालात तरी चालेल हं."

शेवटचं वाक्य आबांच्या कानात शिरलंच नाही. शाळेच्या मॅडमनी सांगितलं की करायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांच्या आयुष्यात मास्तराला नाही म्हणायची सोयच नव्हती. चौकाच्या कडेला त्यांनी देवळात शिरावं तशा चपला काढल्या, त्या नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी आत आले.

मॅडमनी गोल केला. बायका जागच्या जागी, पुरुषांनी थोडं नाचून पुढच्या बाईसमोर सरकायचं. आबा पुढे-मागे पाऊल टाकत एकेक जागा पुढे सरकू लागले. रोहिणीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाजूला व्हायची मुभा होती. दमले म्हटलं की झालं. ती निघणारही होती. पण तिला त्या कडेला जोडून ठेवलेल्या चपला दिसल्या. आपण निघालो तर आबा या सगळ्यांपुढे रिकाम्या जागेसमोर उभे राहतील, आणि लोक हसतील. तिचा पाय उचलेना.

आणि आबा समोर आले. ते नदीकडे बघत होते, ती फरशीकडे.

"अरे वा, सासरे-सून!" मॅडमना कोण आनंद झाला. चिपळूणच्या बाईला ही रीत ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. "धरा हात!"

कुणीच हात पुढे केला नाही. शेजारच्या जोड्या थांबून बघू लागल्या. शेवटी रोहिणीच्या तोंडून सवयीनं निघालं, "गुड्डे, आबांना सांग, इथं नाही म्हटलं तरी चालतं. कुणी रागवत नाही."

गुड्डीनं बाकावरून ते सगळ्या बागेला ऐकू जाईल असं सांगितलं. लोक हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, पीळ देऊन त्याचं एक टोक आपल्या मुठीत घेतलं आणि दुसरं पुढे केलं.

"तुनी मायले इचार," ते नदीकडेच बघत म्हणाले, "चाली का?"

रोहिणीनं टोक धरलं. मॅडमनी गाण्याचा आवाज थोडा वाढवला.

सुरुवातीला आबांनी विहिरीतून बादली ओढावी तसा टॉवेल ओढला. रोहिणी धडपडली. आबा दचकले आणि त्यांनी इतकी ढील दिली की टॉवेल मधे लोंबायला लागला. मग हळूहळू त्यांना अंदाज आला. ते किंचित मागे झाले की तिला पुढे यावंसं वाटे, ते पुढे आले की ती मागे सरे. कुणी ओढत नव्हतं. मॅडम इतके रविवार जे घसा कोरडा करून सांगत होत्या, ते त्या जुन्या टॉवेलातून रोहिणीच्या हाताला पहिल्यांदा कळलं. आबांनी इतरांचं पाहून हात वर केला. ती टॉवेलखालून गिरकी घेऊन आली, आणि पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर पडला.

तिचा हात चटकन डोक्याकडे गेला.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले.

गुड्डीला सांग नाही, भिंत नाही. रोहिणीनं मान वर केली. इतक्या वर्षांत तिनं आबांचा चेहरा असा समोरून पाहिलाच नव्हता. त्यांचे डोळे घारे होते. गुड्डीचे कुणासारखे, हे तिला आज कळलं.

गाणं संपलं. तिला थँक्यू म्हणायचं होतं, पण आबा तोवर चपलांकडे वळले होते.

घरी आल्यावर मात्र सगळं पहिल्यासारखं झालं. डोक्यावर पदर, गुड्डीचे निरोप, भिंतीचा चहा. बागेचा विषय आबांनी काढला नाही. संजूनं दोघांचे चेहरे बघितले आणि कबूल केल्याप्रमाणे त्याला काही माहीत नव्हतं. आठवडाभर रोहिणीचा जीव टांगणीला लागला. ते "ऱ्हाऊ दे" म्हणजे काय होतं? पदर राहू दे, की हे सगळं आता राहू दे, पुरे झालं? विचारायचं कुणाला? गुड्डीकडून असलं विचारता येत नाही. शनिवारी तिनं मनाशी ठरवलं, जायचं नाही. गेलं ते गेलं. रडू आलं, ते तिनं कांदा चिरताना उरकून घेतलं.

रविवारी संध्याकाळी ती शेंगा सोलत बसली होती. गुड्डी शेजारी टरफलांशी खेळत होती. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवूनही ती बघत होती.

दारात सावली पडली. आबा होते. आंघोळ केलेली, शर्ट बदललेला, खांद्यावर धुऊन घडी घातलेला टॉवेल. रोहिणीनं पदर सावरला आणि नजर खाली घातली.

"रोहिणी," आबा म्हणाले. ते नाव उच्चारायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती. ते जरा अडखळलं. "नाचाले येशी का? नही म्हनी तरी चाली."

आणि ते दारात उत्तरासाठी थांबले.

गुड्डी तत्परतेनं उठली. दोन पावलं चालून आईच्या कानाशी आली. "आई, आबा म्हणतात की..."

"ऐकलं गं मी," रोहिणी म्हणाली, आणि मान वर करून आबांकडे बघत तिनं शेंगांचं ताट बाजूला सारलं. "येते आबा."